भर कोर्टात रनआउट

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत पहिला डिजिटल कॅमेरा कुणी आणला, असं कुणी विचारलं तर डोळे झाकून माझं नाव सांगा! महांतेश. शिवांजली डिजिटल व्हिडिओ, बसस्टँडसमोर. शिवांजली हे बायकोचं नाव. दुकानाला दिलं नसतं तर कॅमेरा घरात आला नसता.

दोन हजार एक साल होतं. बाकीचे शूटिंगवाले अजून घागरीएवढं धूड खांद्यावर घेऊन मांडवात घामाघूम व्हायचे. आणि मी? हैदराबादहून आणलेला, तळहातावर मावणारा कॅमेरा घेऊन राजासारखा शिरायचो! कॅसेट तर काडेपेटीएवढी. सुरुवातीला लोकांना वाटायचं, हा दाढीचं मशीन घेऊन आलाय. उमापूरच्या एका नवरदेवानं तर चक्क गाल पुढं केला!

मी गावोगाव पत्रकं वाटली. ‘नवरा-नवरीला घरबसल्या स्वित्झर्लंडच्या बर्फात नेऊन दाखवू! माणूस बदलू, जागा बदलू, हवामानसुद्धा बदलू!’ ही शेवटची ओळ माझी स्वतःची. लिहिली तेव्हा मला ती फार आवडली होती. पुढं ती भर कोर्टात कुणीतरी मला मोठ्यानं वाचून दाखवेल, हे तेव्हा माहीत असतं तर पत्रकं छापण्याऐवजी मी सरळ बर्फात जाऊन बसलो असतो.

तर झालं असं. आमचे विठ्ठलराव अण्णा, म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. दर वर्षी स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच्याच नावानं टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवायचे. मी त्यांच्याकडं गेलो नि म्हणालो, “अण्णा, औंदा आपल्याकडं थर्ड अंपायर ठेवू. टीव्हीवर असतो तसा! रनआउटचा वाद झाला की कॅसेट मागं घ्यायची, हळू लावायची, आन निकाल!”

अण्णांनी विचार केला. “त्यात मी दिसंल का?”

“तुमीच दिसाल अण्णा! मागं तुमचा बॅनर लावू.”

बॅनर लागला. एवढा मोठा की मैदान लहान वाटायला लागलं. अण्णांचा हात जोडलेला फोटो, खाली वाढदिवसाची तारीख आणि शुभेच्छुकांची फौज. मी कॅमेऱ्यातून बघितलं, तर स्टंप बघायला अण्णांच्या मिशीच्या आसपास शोधावं लागत होतं.

आमच्या टीमनं फायनलसाठी बाहेरून एक खेळाडू मागवला होता. तो कोण? माझा सख्खा मेव्हणा! योगीराज, युसूफ वडगावचा. हा टेनिस बॉलमधला प्रोफेशनल माणूस. गावोगावच्या टीमा त्याला जीप पाठवून न्यायच्या. सकाळी ज्या गावाकडून खेळायचा, दुपारी त्याच गावाला बदडायचा! निष्ठा वगैरे भानगडी त्याच्याकडं नव्हत्या. सिक्सर मात्र होते.

तो आला तो टोपी भुवयांपर्यंत ओढून. तोंडाला पांढरं मलम इतकं फासलेलं की नुकताच भिंतीला चुना लावून आल्यासारखा दिसत होता.

“दाजी, ऊन लई हाय,” तो म्हणाला. “आन माईकवर माझं नाव घेऊ नका. लातूरचा पाहुणा म्हणा.”

मला वाटलं, मोठे खेळाडू असेच असतात. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या कोपराला लागलं होतं, ते आठवून मी विचारलं, “कोपराचं कसं हाय?”

“ते कवाच बरं झालं!” असं म्हणून त्यानं उजवा हात पंख्याच्या पात्यासारखा गरागरा फिरवला. मला वारा लागला.

फायनल उमापूरशी होती. त्यांचा कॅप्टन सटवा, तोच विकेटकीपर. यष्ट्यांमागं बसला की डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा, हलायचा म्हणून नाही. शेवटचा बॉल. जिंकायला दोन रन हवे होते; बरोबरी झाली तर विकेट कमी पडल्या म्हणून कप उमापूरचा. योगीराजनं बॉल तटवला, पळाला, एक झाला, दुसऱ्याला वळला. तिकडून बॉल आला. सटवानं स्टंप उधळले. योगीराजनं उडी मारली. धुळीचा असा लोट उठला की त्यात अण्णासुद्धा दिसेनासे झाले!

“आउट!” उमापूर ओरडलं.

“न्हाई!” घाटनांदूर ओरडलं.

अंपायर म्हणजे शाळेचे मास्तर. त्यांनी हातानं हवेत चौकोन काढला. एवढा मोठा चौकोन की जणू प्लॉट पाडत होते. सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा!

ट्रॉलीवर टीव्ही ठेवला होता. ब्लॅक अँड व्हाइट. वर ऊन असं की पडद्यावर फक्त आपलंच नाक दिसायचं. म्हणून वरून घोंगडं टाकलं. आत माझं डोकं, अण्णांचं डोकं, सटवाचं डोकं. घोंगड्याचा वास, सटवाचा घाम आणि अण्णांचं अत्तर. मी कॅसेट मागं घेतली, हळू लावली. पडद्यावर पांढऱ्या धुळीत काळं काहीतरी हललं.

“नॉट आउट!” अण्णा म्हणाले.

“अण्णा, मला तर कायबी दिसलं न्हाई,” सटवा म्हणाला.

“मला दिसलं. आज वाढदिवस कुणाचा हाय?”

निकाल लागला. घाटनांदूर जिंकलं. सटवा जाताना माझ्या कॅमेऱ्याकडं अशा नजरेनं बघत गेला, जणू कॅमेऱ्यानंच त्याची विकेट खाल्ली.

इथपर्यंत सगळं झकास होतं. मी थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या अंगात डिजिटल शिरलं होतं! मी योगीराजचे सिक्सर आणि तो रनआउट रोज दुकानाच्या दारात टीव्हीवर लावायला लागलो. लोक चहा घेऊन उभे राहायचे. मी कॉमेंट्री करायचो. हा बघा उचलला हात! ही बघा घेतली उडी!

एक दिवस काळा कोट हातावर टाकून एक बाई दुकानात आल्या. अंबाजोगाईच्या वकील, स्वप्नालीताई. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आल्या होत्या. टीव्हीकडं लक्ष गेलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या.

“हा कोण खेळतोय?”

“माझा मेव्हणा!” मी छाती पुढं काढली. “योगीराज. युसूफ वडगाव. असा हात अख्ख्या जिल्ह्यात न्हाई, ताई!”

“कधीची मॅच?”

“ही काय तारीख, बॅनरवर! अण्णांच्या मिशीखाली.”

स्वप्नालीताई खुर्चीवर बसल्या. “महांतेशअप्पा, ही कॅसेट मला कोर्टात पाहिजे.”

“कोर्टात? ताई, कोर्ट मॅरेजचंपण शूटिंग करतो आमी! आधी सांगायचं की!”

“लग्न नाही अप्पा. केस आहे. तुमच्या मेव्हण्यानं म्हाळूकाकांवर घातलेली. मी काकांची वकील.”

म्हाळूकाका मला माहीत होते. वडगावात सासऱ्यांच्या शेताला लागून त्यांचं शेत. बांधावर एक बाभूळ. बाभूळ कुणाची यावरून योगीराज आणि म्हाळूकाका भांडले, काकांनी बैल हाकायची काठी फिरवली, ती योगीराजच्या कोपराला लागली. थोडी सूज आली, उतरली. मला एवढंच माहीत होतं.

“तुमच्या मेव्हण्यानं कोर्टात शपथेवर काय सांगितलंय ठाऊक आहे?” ताई म्हणाल्या. “उजवा हात कायमचा निकामी झाला. चहाचा कप उचलत नाही. आई घास भरवते. आणि ही साक्ष कधी दिली? या मॅचच्या आदल्या आठवड्यात!”

मी टीव्हीकडं बघितलं. कायमचा निकामी झालेला हात तिथं सिक्सर मारत होता.

माझ्या हातातला रिमोट खाली पडला. मी अख्ख्या बसस्टँडला रोज पुरावा दाखवत होतो, वर कॉमेंट्री करत होतो!

“आणि म्हाळूकाकांचं ऐका,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांना वाटतं पोराचा हात खरंच आपल्यामुळं गेला. रोज म्हणतात, ताई, गुन्हा कबूल करतो, मला आत टाका, त्या लेकराच्या आईकडं मला बघवत न्हाई. मी त्यांना कसंबसं थोपवून धरलंय.”

घरी आलो. शिवांजलीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

“माझ्या भावाला खोटं पाडणार तुमी?”

“मी कुठं पाडतोय? कॅमेरा पाडतोय.”

“कॅमेरा कुणाचा हाय?”

“तुझ्या नावाचा!”

“मग मी सांगते. त्या कॅसेटवर दुसरं कायतरी घ्या. एखादं बारसं घ्या!”

मग मी म्हाळूकाकांचं सांगितलं. आत टाका म्हणतात, झोपत नाहीत. शिवांजली तव्याकडं बघत राहिली. भाकरीचा धूर निघाला तरी तिला कळेना.

“त्या बाभळीचा डिंक काढून आणून द्यायचे मला म्हाळूकाका,” ती शेवटी म्हणाली. “शाळेतून येताना पाय भाजायचे तर बैलगाडीत घ्यायचे. आन ह्यानं त्यांना...?” तिचा आवाज फाटला. “आन माझी आई! चार महिने झाले, पोराला घास भरवतीया, भांग पाडतीया, शर्टाची बटनं लावतीया! मागच्या खेपेला म्हातारीचे डोळे रडून सुजलेले दिसले, त्याचं कारण आज कळलं मला! आन हा इकडं सिक्सर मारतोय?”

मग मला कळलं की सासूबाईंनासुद्धा यातलं काही माहीत नव्हतं. मी हादरलो. एका बाभळीपायी हा माणूस चार महिने मेलेला हात घेऊन आईच्या हातून जेवत बसला होता!

“द्या ती कॅसेट,” शिवांजली म्हणाली. “पण कोर्टात माझं नाव घेऊ नका.”

“दुकानाचंच नाव शिवांजली हाय की!”

तिनं करपलेली भाकरी माझ्या ताटात वाढली.

तारखेला मी जीपमध्ये गादी टाकून त्यावर आमचा रंगीत टीव्ही निजवला. लग्नाच्या वरातीसारखा कोर्टात आणला. तिथल्या लोकांनी असं काही कधी बघितलं नव्हतं. शिपाई विचारायला लागला, “मॅच लावणार का?” बाहेर खिडकीला लोक चिकटले. शेंगावाला आत आला, त्याला बाहेर काढलं.

म्हाळूकाका आरोपीच्या जागी उभे होते. धुतलेलं धोतर, हातात टोपी. समोर योगीराज. गळ्यात पांढरी पट्टी, पट्टीत उजवा हात, चेहऱ्यावर सगळ्या जगाचं दुःख. शेजारी सासूबाई वत्सलाबाई पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. योगीराजनं मला बघितलं, मग माझ्यामागचा टीव्ही बघितला. त्याचा चेहरा मलम न लावताच पांढरा झाला!

न्यायाधीश साहेब मध्यम वयाचे, गंभीर. चष्म्यातून बघायचे तर माणसाला आपण लहानपणी काय काय केलंय ते आठवायचं.

स्वप्नालीताई म्हणाल्या, “साहेब, नव्या कायद्यानुसार डिजिटल पुरावाही चालतो. परवानगी असावी.”

परवानगी मिळाली. पण उजेड फार. पडद्यावर परत नाकंच दिसायला लागली. कोर्टात घोंगडं कुठलं? तेव्हा वकिलांनी आपापले काळे कोट काढून खिडक्यांवर टांगले! पाच मिनिटांत कोर्टाचं टॉकीज झालं.

मी कॅसेट घातली. बटण दाबलं. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते माझंच!

मी बनियनवर, आरशासमोर, अंपायरच्या खुणा करून बघत होतो. चौकार. षटकार. मग वाइड देताना माझा हात कपाटावर आपटला आणि मी एक शब्द बोललो. तो शब्द कोर्टाच्या कारकुनानं टाइप करायला घेतला.

“ते लिहू नका,” साहेब म्हणाले.

मी घाईघाईनं कॅसेट पुढं पळवली. विठ्ठलराव अण्णांचं भाषण आलं. पुढं पळवलं तरी संपेना! अण्णा पडद्यावर माशी झटकल्यासारखे हात झटकत होते, हार घालणारे येत होते, जात होते, येत होते. शेवटी मॅच आली. योगीराज आला. उजव्या हातानं बॅट फिरवली. बॉल थेट बॅनरवर अण्णांच्या कपाळावर!

कोर्टात कुजबुज झाली. वत्सलाबाई पुढं वाकून बघायला लागल्या. “हा कोण वं?” त्या योगीराजला विचारत होत्या. “चालतोय तुझ्यासारखाच!”

“लातूरचा हाय कुणीतरी,” योगीराज पुटपुटला.

सरकारी वकील उठले. हुशार माणूस. त्यांनी मला विचारलं, “महांतेश, या डिजिटल कॅमेऱ्याची चित्रं बदलता येतात का?”

“न्हाई साहेब! कॅमेरा कधीच खोटं बोलत न्हाई!”

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. गुलाबी. माझंच पत्रक!

“नवरा-नवरीला घरबसल्या स्वित्झर्लंडच्या बर्फात नेऊन दाखवू,” त्यांनी ठणठणीत आवाजात वाचलं. “माणूस बदलू! जागा बदलू! हवामानसुद्धा बदलू! हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्ही माणूस बदलू शकता?”

“ते... ते आपलं... लग्नापुरतं!”

सगळं कोर्ट हसलं. “साहेब,” सरकारी वकील म्हणाले, “जो माणूस घाटनांदूरच्या नवरीला बर्फात उभी करतो, तो योगीराजचं धड दुसऱ्याच्या मुंडक्याला लावणार नाही कशावरून? आणि पडद्यावरच्या माणसाचं तोंड तर मलमानं भरलंय. हा योगीराजच कशावरून?”

मी स्वप्नालीताईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. माझ्या एका ओळीनं म्हाळूकाका आत चालले होते! काका मात्र शांत. “जाऊ द्या ताई,” ते हळूच म्हणाले. “पोरगं कशाला खोटं बोलंल? आई घास भरवती, मी डोळ्यानं बघितलंय.” ते ऐकून मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

ताईंनी शेवटचा साक्षीदार बोलावला. सटवा! उमापूरचा कॅप्टन. फायनलमध्ये तो योगीराजच्या पाठीमागं हातभर अंतरावर बसला होता. ओळख पटवायला त्याच्याइतका जवळचा माणूस दुसरा नव्हता.

“हा खेळणारा माणूस तुम्ही ओळखता?” ताईंनी विचारलं.

“वळखतो की. हाच तो, पट्टीवाला.”

“तोंड दिसत होतं का?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“तोंडाला चुना फासलता. मला पाठच दिसायची. पण वकीलसाहेब, ते ऱ्हाऊ द्या, आधी मला एक सांगा. आउट हाय का न्हाई?”

“काय?”

“रनआउट! आमचा कप गेला वं! त्या दिवशी घोंगड्यात कायबी दिसलं न्हाई. मी साक्ष द्यायला कावून आलो? रंगीत टीव्ही हाय म्हणून आलो!”

“तो मुद्दा या न्यायालयापुढं नाही,” साहेब कडक आवाजात म्हणाले.

पडद्यावर मॅच चालूच होती. शेवटचा बॉल. योगीराज पळाला, वळला. बॉल आला. सटवानं स्टंप उधळले. धूळ.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“जरा मागे घ्या,” ते म्हणाले.

मी मागे घेतलं.

“हळू लावा.”

मी हळू लावलं. साहेब खुर्चीतून पुढं झुकले. कारकून झुकला. सरकारी वकील झुकले. शिपाई तर टीव्हीच्या पुढ्यातच बसला. रंगीत टीव्हीवर, काळ्या कोटांच्या अंधारात सगळं लख्ख दिसत होतं. पांढरी रेघ, पिवळी बॅट, मधली लाल माती.

“थांबवा,” साहेब म्हणाले.

मी थांबवलं. स्टंपवरची बेल हवेत होती. बॅटही हवेत होती. रेघेच्या अलीकडं, चांगली वीतभर.

साहेब विसरले असावेत आपण कुठं आहोत ते. पडद्यावर नजर ठेवून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “अरे, हा तर सरळसरळ आउट आहे!”

आणि योगीराज उठला!

“न्हाई साहेब!” तो ओरडला. त्यानं पट्टीतून उजवा हात उपसला, थेट छतापर्यंत वर केला आणि पडद्याकडं बोट रोखलं. “बॅट आत व्हती! मी अशी टेकवली!” असं म्हणून त्यानं भर कोर्टात उडी मारून त्या हातानं फरशीवर नसलेली बॅट टेकवून दाखवली. “अशी! ह्यानं बेल आधीच पाडलती! डाव्या हातानं! मी बघितलं!”

फरशीवर पालथा पडलेला योगीराज. उजवा हात सरळ पुढं ताणलेला. मी स्वतः तोंड उघडं टाकून बघत होतो. कॅमेरा चालू करावा हेसुद्धा मला सुचलं नाही!

योगीराजनं आपल्या हाताकडं बघितलं. मग हळूच, अगदी हळूच, तो परत पट्टीत घालायला लागला.

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “आता कशाला त्रास घेता?”

सटवानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उडी मारली. “आउट दिला! साहेबांनी आउट दिला! उमापूर जिंकलं!” शिपायानं त्याला खाली बसवला, पण शिपायाच्याही चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला तो निकाल पटलाय.

तेवढ्यात म्हाळूकाका रडायला लागले. मला वाटलं घाबरले. पण ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. “उठला!” ते म्हणत होते. “पोराचा हात उठला वं! वत्सलाबाई, बघा, उठला!” एवढ्या कोर्टात हात चांगला असल्याचा आनंद झालेला तो एकच माणूस.

वत्सलाबाईंना मात्र आनंद झाला नव्हता. त्या सावकाश उठल्या. पदर खोचला.

“चार महिने!” त्या म्हणाल्या. “चार महिने तुला घास भरवला रं! काल वांग्याचे काटे काढून दिले!” आणि त्यांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो कारकुनाच्या टेबलावर जाऊन आपटला. स्वतःला सावरायला त्यानं दोन्ही हात वापरले. सरकारी वकिलांनी पत्रकाची घडी करून मुकाट्यानं खिशात ठेवली.

निकाल पुढच्या तारखेला लागला, पण तो सगळ्यांना तिथंच कळला होता. म्हाळूकाका सुटले. साहेबांनी योगीराजला शपथ म्हणजे काय ते अशा शब्दांत सांगितलं की तो दोन्ही हात जोडून उभाच राहिला. त्याच्यावर उलटा खटला होणार होता, पण म्हाळूकाकाच मध्ये पडले. “लेकरू हाय साहेब, जाऊ द्या,” म्हणाले. साहेबांनी त्याला कडक समज देऊन सोडला. बाभूळ काकांच्याच नावावर राहिली. योगीराज हल्ली त्यांच्या शेतात नांगर धरतो, उजव्या हातानं. सासूबाई बांधावर बसून लक्ष ठेवतात.

माझं काय झालं? अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सटवा ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आला नि वाजतगाजत कप घेऊन गेला. वाजतगाजतचं शूटिंग त्यानं मलाच सांगितलं. शिवांजली म्हणाली, “चांगलं केलंत,” आणि त्या दिवशी भाकरी न करपता वाढली. मला वाटलं, झालं, आता शांत बसायचं. पत्रकातली ती ओळही मी खोडून टाकली.

पण पावसाळा संपल्यावर कोर्टातून माणूस आला. मी पुन्हा हादरलो! तो म्हणाला, “घाबरू नका अप्पा. वकील विरुद्ध कोर्टाचा स्टाफ, अशी मैत्रीची मॅच हाय. साहेबांनी तुम्हालाच थर्ड अंपायर म्हणून बोलावलंय.”

मी गेलो. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या षटकात स्टाफकडून साहेब स्वतः खेळायला उतरले. दुसरा रन घ्यायला पळाले, वळले, घसरले. स्वप्नालीताईंनी सीमारेषेवरून फेकलेला बॉल थेट स्टंपवर! अंपायरनं हातानं चौकोन काढला.

मी मंडपात टीव्हीसमोर बसलो. कॅसेट मागं घेतली. हळू लावली. थांबवली. साहेब रेघेपासून इतके लांब होते की रेघ दिसायला चित्र पुढं न्यावं लागलं!

बाहेर येऊन मी घसा खाकरला. ज्यांच्यासमोर मी एकदा बनियनवर दिसलो होतो, ते साहेब बॅट काखेत धरून माझ्याकडंच बघत होते. मी हात आडवे फिरवले.

“नॉट आउट!”

वकिलांनी एकच गिल्ला केला. साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. चष्मा नीट केला. माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “महांतेश, हे शपथेवर सांगता का?”

मी मंडपातल्या टीव्हीकडं बघितलं.

“साहेब,” मी म्हणालो, “जरा पुन्हा एकदा मागं घेऊन बघतो!”